सरकारी नोकरी लागली, पण दवाखान्याचा खर्च कधीपासून मिळतो?

राज्य शासनाच्या नोकरीत आरोग्य विमा नक्की कोणत्या तारखेपासून लागू होतो, हे मी हजर होण्याआधी ज्याला त्याला विचारत होते आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं होतं. कुणी म्हणालं पहिल्या पगारापासून. कुणी म्हणालं परिविक्षेची, म्हणजे प्रोबेशनची, दोन वर्षं संपल्यावर. एका नातेवाइकांनी ठामपणे १ जानेवारी सांगितली. आणि शेजारच्या काकांनी तर विषयच संपवला, "सरकारी माणसाला विमा कशाला लागतोय, सगळं फुकटच असतंय की." यातलं एकही उत्तर बरोबर नव्हतं. १ जानेवारीवाल्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, पण ते वेगळ्याच योजनेचं. नवीन लागणाऱ्या मुलामुलींना हे नीट कळावं, म्हणून मी ज्यातून गेले ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी माझी परिस्थिती सांगते. सरकारी नोकरीआधी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला होते. पगार २१,००० च्या आत, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. माझ्या पगारातून ०.७५ टक्के कापले जायचे, मालक ३.२५ टक्के भरायचे, आणि कामाला लागल्या दिवसापासून उपचारांचा हक्क मिळायचा. त्यात मी, नवरा आणि मुलगी होतो. सासू-सासरे नव्हते. नवऱ्याचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे कसला विमा आणि कसलं काय. मग एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक म्हणून माझी निवड झाली, नेमणूक कोल्हापुरातच मिळाली, आणि घरात पेढे वाटले गेले. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गल्लीत सगळ्यांना सांगितलं, "आता आमची सून सरकारात लागली, दवाखान्याची काळजी मिटली." मामांचं वय ६८, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बरीच वर्षं चालू. त्यांचं ते वाक्य ऐकल्यावरच मला वाटलं की हे खरं आहे का ते आपण नीट विचारून घ्यायला हवं.

हजर होण्याचा दिवस म्हणजे कागदांचा दिवस. शारीरिक पात्रतेच्या तपासणीसाठी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, जावं लागलं. डोळे, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, सगळं झालं. कार्यालयात रुजू अहवाल दिला, त्यावर 'म.पू.' म्हणजे मध्यान्हपूर्व असा शेरा पडला. मग लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, एनपीएसचा, म्हणजे पेन्शन योजनेचा अर्ज, गट विम्याचं नामनिर्देशन, चारित्र्य पडताळणीचा नमुना, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानासाठी फोटो आणि अंगठ्याचे ठसे. या सगळ्या गठ्ठ्यात एक साधा कागद होता, अवलंबित कुटुंबीयांची माहिती. बाकीच्या कागदांसाठी सगळे मागे लागतात, कारण त्यांच्यावाचून पगार अडतो. हा कागद नसला तरी पगार निघतो, म्हणून तो बहुतेक वेळा मागे राहतो. माझ्या मते नव्या कर्मचाऱ्याने पहिल्या दिवशी सगळ्यात जपून भरायचा कागद हाच.

आमच्या आस्थापना शाखेत तेव्हा एक ज्येष्ठ भाऊसाहेब होते, निवृत्तीला आलेले. त्यांना मी तिथल्या तिथे विचारलं की विमा कधीपासून सुरू होतो.

"मॅडम, कार्ड नाही, विमा कंपनी नाही, हप्ता पण नाही," ते म्हणाले. "१९६१ चे नियम आहेत. आजारी पडलं तर आधी आपण भरायचं, मग बिल लावायचं. आणि ते कधीपासून म्हणाल तर आजपासून. रुजू अहवालावर आजची तारीख पडली न्हवं का, तिथनं."

"पण मी अजून परिविक्षेवर आहे."

"परिविक्षेचा ह्यात काय संबंध? आज सकाळपासून तुम्ही शासकीय कर्मचारी. फक्त घरातल्यांची नावं आजच लिहून द्या. आजारपण आल्यावर नावं घालायला आला, तर शंभर प्रश्न विचारतील."

त्यांनी सांगितलेले नियम म्हणजे महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१. त्यात विमा कंपनीचा संबंध नाही, म्हणून प्रतीक्षा काळ नाही, जुना आजार आहे म्हणून नकार नाही आणि पगारातून कपातही नाही. शासन स्वतः खर्चाची प्रतिपूर्ती करतं. सरकारी दवाखान्यात उपचार घेतले तर प्रश्न कमी. खासगी दवाखान्यात गेलात तर मात्र आजार कोणता, यावर सगळं ठरतं. १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे. आकस्मिक आजारांत हृदयविकाराचा झटका, अपघात, भाजणं, विषबाधा, उष्माघात, प्राणी चावणं, अगदी कान-नाक-घशात वस्तू अडकणंसुद्धा येतं. गंभीर पाच म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, मूत्रपिंड प्रतिरोपण आणि रक्ताचा कर्करोग. ही यादी मी त्याच आठवड्यात छापून घेतली आणि घरात फ्रिजवर लावली. गुडघा बदलणं किंवा मोतीबिंदू अशा ठरवून करायच्या गोष्टी या यादीत नाहीत. आत्यांचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे गेलेले आहेत, त्यामुळे यादी वाचल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे माझं काय व्हायचं?" त्यांना सांगावं लागलं की गुडघ्यासाठी आधी सीपीआरलाच दाखवायचं.

आता त्या अवलंबितांच्या कागदाबद्दल. लग्न झालेल्या महिला कर्मचाऱ्याला आई-वडील किंवा सासू-सासरे यांतली एकच बाजू निवडता येते, आणि ज्यांना निवडाल ते तुमच्यावर अवलंबून असायला हवेत. पुरुष सहकाऱ्यांपैकी कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता. आई-वडिलांची नावं लिहिली, सही केली, झालं. मी मात्र पेन हातात धरून थांबले. माझे वडील नाहीत. आई गारगोटीजवळच्या आमच्या गावी भावाकडे असते. भावाचं किराणा दुकान आहे, उसाची थोडी शेती आहे. नियमाच्या भाषेत आई माझ्यावर अवलंबून नाही. पण तिने मला शिकवण्यासाठी शेण काढलंय, म्हशी राखल्यात, आणि सरकारी नोकरी लागल्यावर तिचं नाव माझ्या कागदावर नसावं, हे मला फार लागलं.

मी कार्यालयाच्या व्हरांड्यातून आईला फोन लावला. ती एका दमात म्हणाली, "अगं, सासू-सासऱ्यांचंच घाल की. ती माणसं तुझ्या घरात हाईत. माझं बघायला तुझा भाऊ हाय." तिला विचारही करावा लागला नाही. मी सासू-सासऱ्यांचा विकल्प लिहिला, रेशन कार्डाची प्रत जोडली, मामांचं उत्पन्न म्हणजे ईपीएसची, खासगी नोकरीच्या पीएफबरोबरची, तुटपुंजी पेन्शन, त्याचा कागद जोडला, आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली पोच घेतली. भाऊसाहेबांनी सेवापुस्तकात नोंद घेऊन साहेबांची सही घेतली. मला अजूनही वाटतं की मुलीला एकच बाजू निवडायला लावणं योग्य नाही. ज्या घरात दोन्हीकडची म्हातारी माणसं खरोखर एकाच बाईच्या पगारावर असतात, तिथे ती काय करणार?

आईसाठी मग वेगळा रस्ता शोधला. तिने सत्तरी ओलांडली आहे. केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ ला सत्तर वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण, पहिल्या दिवसापासून, जुन्या आजारांसकट. भाच्याने मोबाईलवर आयुष्मान अ‍ॅपमधून आधार ई-केवायसी करून तिचं कार्ड काढलं. आईच्या अंगठ्याचे ठसे कामाने झिजलेले, उमटत नव्हते, म्हणून ओटीपीवर काम झालं. ज्यांच्या आई-वडिलांची नावं अशीच कागदाबाहेर राहिली असतील आणि वय बसत असेल, त्यांनी हे आधी करावं. सत्तरीच्या आत असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डांसाठी होती. २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली, मर्यादाही पाच लाख झाली. फक्त दवाखाना योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील, आहे का आणि त्या आजारावर त्या दवाखान्यात योजनेतून उपचार होतात का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाला, विचारूनच पेशंट हलवायचा.

१ जानेवारीचं काय, ते सांगते. राज्य शासकीय कर्मचारी गट विमा योजना, १९८२ ही आयुर्विमा आणि बचतीची योजना आहे. नोकरीत असताना कर्मचारी गेला तर वारसांना रक्कम, आणि निवृत्त झाला तर बचतीचा भाग परत. वर्षाच्या मध्ये हजर झालेल्याकडून सुरुवातीला फक्त विम्यापुरती थोडी वर्गणी कापतात आणि पुढच्या १ जानेवारीपासून पूर्ण सभासद करून पूर्ण वर्गणी लावतात. पगारपत्रकात 'गट विमा' असं दिसतं म्हणून लोकांना वाटतं की हाच दवाखान्याचा विमा. तो नव्हे. दवाखान्याच्या एका रुपयाशी त्याचा संबंध नाही. तशीच एक समूह वैयक्तिक अपघात विमा योजना २०१६ पासून आहे. तिची वर्गणी फेब्रुवारीच्या पगारातून जाते आणि संरक्षण १ एप्रिलपासून वर्षभर असतं. तीही अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाची. ताप-खोकल्याची नव्हे.

पोलिसांचं निराळं आहे. माझ्या मैत्रिणीचा नवरा पोलिसात आहे, त्यांना महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत ठरलेल्या दवाखान्यांत ठरलेल्या आजारांना पैसे न भरता उपचार मिळतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस ही त्यांची स्वतःची आरोग्य योजना असते, आणि जिथे ती नाही तिथे १९४४ चे वेगळे नियम. त्यामुळे 'सरकारी नोकरी' म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याने आपला धरू नये. आपण कोणत्या सरकारचे आणि कोणत्या विभागाचे, तिथून सुरुवात करावी.

मी हजर झाले ते पावसाळ्याच्या तोंडावर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की सगळी सरकारी कार्यालयं पुराच्या कामाला लागतात. आमच्याकडचेही अर्धे लोक तिकडे. त्यात पगार ज्या संगणक प्रणालीतून निघतो तिथला माझा सेवार्थ आयडी तयार व्हायचा होता, एनपीएसचा खाते क्रमांक, म्हणजे प्रान, यायचा होता. पहिला पगार लांबला. नव्या कर्मचाऱ्याचा पहिला पगार लांबतोच, हे सगळे गृहीत धरतात. पण दवाखान्याचं बिल काही पगाराची वाट बघत नाही.

पगार व्हायच्या आतच एका पहाटे मामांना छातीत दुखायला लागलं. घाम फुटला, डावा हात जड झाला. नवऱ्याने शेजाऱ्यांची गाडी काढली आणि जवळच्या खासगी हृदयरोग दवाखान्यात नेलं. ईसीजी बघून डॉक्टरांनी लगेच सांगितलं, झटका आहे, अँजिओग्राफी करायची आणि ब्लॉक दिसला तर त्याच टेबलावर अँजिओप्लास्टी. अशा वेळी कोण आरोग्यमित्र शोधणार? तो दवाखाना जन आरोग्य योजनेत नव्हता, हे नंतर कळलं. त्या क्षणी तो जवळ होता, एवढंच बघितलं, आणि तेच बरोबर होतं.

काउंटरवर विचारलं, "इन्शुरन्स कुठला?" मी म्हटलं, राज्य शासकीय कर्मचारी आहे. तिथल्या मुलीला ते नवीन नव्हतं. "मग कॅश भरा मॅडम, कागद सगळे देतो, तुम्ही ऑफिसला बिल लावा." अनामत रक्कम त्याच सकाळी हवी होती. नवऱ्याने वर्कशॉपचे आलेले पैसे भरले, दिराने गावाकडून पाठवले, आणि उरलेल्यासाठी माझं गंठण पतसंस्थेत सोनेतारण ठेवलं. एकूण खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास गेला. हक्क पहिल्या दिवसापासून असतो, पण पैसा पहिल्या दिवशी नसतो, हे त्या दिवशी पुरतं कळलं.

कागदांचं मात्र मी पहिल्या तासापासून धरून बसले, कारण भाऊसाहेबांनी जेव्हा तेव्हा हेच बजावलं होतं. सकाळी दहा वाजता कार्यालयात फोन केला आणि लगेच लेखी अर्जही पाठवला की सासऱ्यांना आकस्मिक हृदयविकाराच्या झटक्याने अमुक दवाखान्यात दाखल केलं आहे. दवाखान्यातून त्यांच्या लेटरहेडवर आकस्मिकतेचं प्रमाणपत्र मागून घेतलं. त्यात दाखल होण्याची तारीख आणि वेळ, निदान, आणि तातडीने उपचार न केल्यास जिवाला धोका होता, हे स्पष्ट लिहून घेतलं. औषधांचं प्रत्येक बिल वेगळं, मूळ, आणि प्रत्येकावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का. मेडिकलच्या खिडकीतला मुलगा एकत्र बिल देऊ बघत होता, "मॅडम, एकच प्रिंट देतो, सोपं पडेल." मी रोजच्या रोज, चिठ्ठीप्रमाणे बिल मागितलं. स्टेंटच्या खोक्यावरचं चिकटपट्टीचं लेबल असतं, त्यावर कंपनी, स्टेंटचा व्यास आणि लांबी मिलिमीटरमध्ये, लॉट नंबर आणि मुदत छापलेली असते. कॅथ लॅबमधल्या टेक्निशियनने ते केस पेपरवर चिकटवलं होतं. त्याची प्रत आणि स्टेंटचं वेगळं कर पावतीचं बिल मी मागून घेतलं. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून केंद्राची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे तपासणीत पहिली नजर त्याच बिलावर जाते.

मामा सुखरूप घरी आले. मग बिलाची फाईल केली. विहित नमुन्यातली प्रमाणपत्रं, अ, ब, क, ड अशी त्यांची नावं, त्यावर डॉक्टरांच्या सह्या. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, बिलांचा तारीखवार गोषवारा, रेशन कार्ड, मामांच्या उत्पन्नाचा तहसीलचा दाखला, आणि सगळ्यात वर त्या अवलंबितांच्या अर्जाची शिक्का असलेली पोच. फाईल कार्यालयातून तांत्रिक तपासणीला गेली. तिथे डॉक्टर बघतात की आजार यादीत बसतो का, उपचार त्याला धरून आहेत का, कोणती रक्कम ग्राह्य आणि कोणती नाही.

फाईल एकदा त्रुटी लागून परत आली. रेशन कार्डावर मामांचं नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, आणि दोन बिलांवरचा शिक्का पुसट. नावाबद्दल प्रतिज्ञापत्र केलं. बिलांसाठी परत दवाखान्यात गेले. ज्या डॉक्टरांनी उपचार केले होते ते बाहेरगावी, त्यांची वाट बघितली, सही घेतली. मला एका गोष्टीचं समाधान आहे. अवलंबित असल्याबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. नोंद आजारपणाच्या आधीची, हजर झाल्या दिवसाची होती. मी फक्त बसून ऐकलेल्या एका शेजारच्या प्रकरणात, सासूबाईंचं नाव शस्त्रक्रियेनंतर लिहून दिलेलं होतं, आणि त्या बाईंना खुलासे देता देता नाकी नऊ आले होते. आजार खरा होता, सासूबाई खरोखर त्यांच्याकडेच राहत होत्या. तारीख तेवढी उलटी पडली.

मंजूर रक्कम खर्चापेक्षा कमी आली. खोलीभाड्याचा काही भाग, हातमोजे, पावडर, असल्या बाबी वजा झाल्या. ते मला आधीच सांगितलं गेलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही. खरा धीर सुटायची वेळ मंजुरी आदेश हातात आल्यानंतर आली. आदेश आहे, पण वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या लेखाशीर्षाखाली अनुदान शिल्लक नाही. बीम्सवर, म्हणजे शासनाच्या अनुदान वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, अनुदान आलं की मगच देयक कोषागारात जाणार. सोनेतारणाचं व्याज मात्र दर महिन्याला चालू. त्या काळात मी रोज लेखा शाखेत जाऊन नुसती उभी राहायचे. अखेर अनुदान आलं, देयक कोषागारातून पास झालं आणि रक्कम खात्यावर जमा झाली. मोबाईलवरचा तो संदेश मी आत्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

मला यात कुणा एका माणसाला दोष द्यायचा नाही. फाईल ज्यांच्या हातातून गेली त्यांतल्या बहुतेकांनी मदतच केली. पण पोलिसांच्या कुटुंबाला दवाखान्याच्या दारात पैसे न भरता उपचार मिळू शकतात, तर तहसीलच्या, जिल्हा परिषदेच्या, शाळेच्या कर्मचाऱ्याला का नाहीत? हजर झाल्या दिवशी सेवापुस्तकात नाव लागतं, त्याच दिवशी हातात एक कार्ड का पडू नये? नवीन लागलेल्या कर्मचाऱ्याकडे शिल्लक नसते, पगार सुरू झालेला नसतो, आणि जुन्या नोकरीचं संरक्षण सुटलेलं असतं. सगळ्यात उघडा तोच असतो. त्याच्यासाठी तरी शासनाने हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर मधली फट आपणच बुजवायची. आम्ही मामा घरी आल्यावर घरासाठी एक खासगी आरोग्य पॉलिसी घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, त्याचा हप्त्यात फायदा झाला. तिथे मात्र प्रतीक्षा काळ आहे. अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. ही मर्यादा पूर्वी ४८ महिने होती, २०२४ मध्ये कमी झाली. आमच्या पॉलिसीत मामांच्या हृदयासाठी आणि साखरेसाठी पूर्ण तीन वर्षं आहेत. अर्जात मामांची साखर, रक्तदाब, स्टेंट सगळं लिहून दिलं. एजंट म्हणत होता की साखरेचं नाही लिहिलं तरी चालेल, हप्ता कमी बसेल. तसं अजिबात करू नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतो आणि पॉलिसीच रद्द होऊ शकते. ज्यांच्या आधीच्या खासगी नोकरीत कंपनीचा गट मेडिक्लेम आहे, त्यांनी राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याबद्दल विचारावं. आधी काढलेला प्रतीक्षा काळ त्यात जमेस धरला जातो. नोकरी सोडल्यावर ही वाट बंद होऊ शकते.

मामांची रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी आता कायमची आहे. त्या आम्ही जनऔषधी केंद्रातून आणतो. त्यांचं बिल मी अजून लावलेलं नाही. भाऊसाहेबांनी निवृत्त होण्याआधी त्याचाही वेगळा नमुना मला काढून दिला आहे, तो या महिन्यात भरून डॉक्टरांच्या सहीला नेणार आहे. गेल्या आठवड्यात आमच्या शाखेत दोन नवीन मुलं हजर झाली. एक करवीर तालुक्यातला, एक थेट चंदगडचा. दोघांचे अवलंबितांचे अर्ज मी त्याच दुपारी भरून घेतले आणि पोच त्यांच्या हातात दिली.